वाकळांचं प्रदर्शन आणि भारतीय बैठक

माझं शिक्षण दुसरी पास. तिसरीत गुरुजींनी विनाकारण कान पिळला म्हणून शाळा सोडली, ती सोडलीच. गुरुजी स्वतः घरी बोलवायला आले तरी गेलो नाही. त्याचा मला आजही पस्तावा नाही. पुढं साखर कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून जन्म काढला. फाटकावर बसलेल्या माणसाला जग जेवढं दिसतं तेवढं शिकलेल्याला दिसत नाही, असं माझं मत आहे. आमच्या म्हातारीचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "बसून बसून ह्यांचं फक्त बूड मजबूत झालं."

तर आमची नात. अंबाजोगाईला एसटीनं कॉलेजला जाती-येती. नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणून संध्याकाळी पुस्तक उघडायची, आणि आमच्या एकुलत्या एका मोठ्या खोलीत टीव्ही, सून, धाकटे नातू आणि माझा खोकला, सगळे एकदम सुरू व्हायचे. खोकला मी मुद्दाम काढत नव्हतो. पण एक दिवस माझ्या पोरानं, म्हणजे तिच्या बापानं, सांगून टाकलं, "यंदा पास झाली तर झाली. न्हाई तर पाहुण्यांना या म्हणून निरोप धाडतो." नात पुस्तक घेऊन न्हाणीत जाऊन बसली. आमच्या न्हाणीला दार नाही, पडदा आहे.

आता वस्तीत अभ्यासाला जागा नव्हती असं नाही. समाजमंदिराच्या मागं एक पक्की खोली आहे. सरकारनंच बांधलेली. दारावर ठळक रंगवलंय, 'अभ्यासिका'. आत साहेबांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, साहेबांचा लाऊडस्पीकर आणि साहेबांच्या मागच्या वाढदिवसांचे फ्लेक्स गुंडाळून ठेवलेले. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. खोलीची किल्ली आमच्या पुतण्याकडं. तो साहेबांचा कार्यकर्ता. धंदा विचाराल तर हाच. इतकी वर्षं त्या खोलीत खुर्च्यांनी जेवढा अभ्यास केला, तेवढा तालुक्यात कुणी केला नसेल.

नातीनं वस्तीतल्या आणखी पोरी गोळा केल्या आणि पुतण्याकडं किल्ली मागितली. तो म्हणाला, "अन् खुर्च्या कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

मग पोरीनं ते खूळ काढलं. वस्तीतल्या बायांनी शिवलेल्या वाकळांचं प्रदर्शन भरवायचं. लोकांना बोलवायचं, कुणी विकत घेतल्या तर त्यातून टेबल-दिवे आणायचे, आणि चारचौघांसमोर खोली मागायची. तिच्या कॉलेजात ह्याला गोधडी कला म्हणतात म्हणे. मी पोट धरून हसलो. म्हणालो, "वाकळ बघायला कोण येणार गं? ज्याच्या त्याच्या घरात पडलीय."

म्हातारी चुलीपुढून म्हणाली, "जन्मभर पांघरली तुमी. एकदा तरी बघितली का?"

मला तेवढ्यात खोकला आला. मला उत्तर येत नव्हतं असं कुणी समजू नये.

पुतण्याला प्रदर्शनाचा वास लागला आणि तो दुसऱ्याच दिवशी मदतीला धावून आला. साहेबांना बोलवू म्हणाला. पोरी खूश झाल्या, कारण साहेबांनी हो म्हटलं की खोली मिळणार. फ्लेक्स लागला. अर्ध्या फ्लेक्सवर साहेब फोनवर बोलताना. त्यांच्या खाली बिया पेरल्यासारखी कार्यकर्त्यांची मुंडकी. सगळ्यांत खाली कोपऱ्यात 'गोधडी प्रदर्शन' असं होतं. ते मी चष्मा लावून, वाकून वाचलं. तर पुतण्या म्हणतो, "आबा, पाया पडताव का काय साहेबांच्या?" मी त्याला काय बोललो ते इथं लिहिता येत नाही.

ज्येष्ठ नागरिक म्हणून शाल देऊन माझाही सत्कार ठेवला होता. असल्या शाली माझ्याकडं ट्रंकभर आहेत. त्यांच्यात थंडी निघत नाही. थंडीला वाकळच लागते.

त्या दिवशी बायांनी सकाळपासून समाजमंदिरात दोऱ्या बांधून वाकळा टांगल्या. टांगल्यावर मात्र मीही चष्मा लावून बघितल्या. आमच्या म्हातारीची मधोमध होती. तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा चौकोन, त्याच्याभोवती माझ्या वॉचमनच्या खाकी पँटी, आणि कडेनं लाल तिकोन्या, एकाला एक लागून. टाके मुंगीच्या रांगेसारखे. त्या वाकळेवर ती घरात कुणाला बसू देत नाही. पाहुण्याला नाही, जावयाला नाही, मला तर नाहीच. नातीनं तिच्यापुढं चिठ्ठी लावली, आजीचं नाव टाकून. म्हातारीला वाचता येत नाही, तरी ती चिठ्ठी तिनं दोनतीनदा सरळ केली. मग सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसायला घरी गेल्या. मी माझ्या जाकिटाची गुंडी शोधायला गेलो. आणि तेवढ्यातच घोटाळा झाला.

साहेबांचा फोन आला की कलेचा कार्यक्रम आहे, स्टेजवर सोफा नको, भारतीय बैठक पाहिजे. फोटो चांगला येतो. आता ऐनवेळी गाद्या कुठून आणायच्या? गाद्या आहेत तेलगावच्या मंडपवाल्याकडं, आणि साहेब निघालेले. पुतण्यानं वर बघितलं. डोक्यावर दोरीभर वाकळा. त्याचं डोकं जन्मात एकदाच इतकं जलद चाललं असेल. त्यानं सगळ्या उतरवल्या आणि स्टेजभर अंथरल्या. अभ्यासिका उघडून खुर्च्या काढल्या आणि पब्लिकला मांडल्या. वाकळ दिसली की अंथरायची, हे आमच्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यात त्याला काही चूक केली असं वाटलंही नसेल. उलट पोरानं काम केलं म्हणून साहेब पाठ थोपटतील, ह्या आशेनं तो घाम पुसत उभा होता.

एरवी साहेब सकाळच्या कार्यक्रमाला दिवेलागणीला येतात. त्या दिवशी वेळेच्याही आधी आले. बाया नेसून परत येईपर्यंत त्रिशरण-पंचशील होऊन सत्कार सुरू झाले होते. साहेब बरोबर मधोमध मांडी घालून बसलेले, हिरव्या चौकोनावर. दोन्ही बाजूंना कार्यकर्ते, त्यांतल्या दोघांच्या पायात बूट. नात दारातच थांबली. हातातला भाषणाचा कागद तिनं मुठीत गोळा केला. मी म्हातारीकडं बघितलं. तिनं पदर कमरेला खोचला. तिनं पदर खोचला की मला भीती वाटते.

सत्कार संपता संपेनात. साहेबांचा झाला, साहेबांच्या मेहुण्यांचा झाला, गाडीच्या ड्रायव्हरचाही झाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी जागचा हललो नाही. मग साहेब बोलायला उठले.

"आपल्या माता-भगिनींच्या हातात कला हाय," साहेब म्हणाले, आणि त्यांची टाच लाल तिकोनीवर वळली. "ही कला आपण डोक्यावर घेतली पायजे! तिला मानाची जागा दिली पायजे!" टाळ्या. पुतण्याच्या सगळ्यांत जास्त. असं बरंच बोलून झाल्यावर साहेबांनी हात जोडले. "चला, आता प्रदर्शन बघू. कुठं मांडलंय?"

पुतण्यानं हात वर करून दाखवलं. वर मोकळ्या दोऱ्या. त्याचा हात तसाच राहिला. कार्यकर्ते भिंतीकडं बघायला लागले, खिडकीबाहेर बघायला लागले. एकानं तर माझ्याकडं बघितलं, जसं काही मी खिशात घातलंय.

म्हातारी पुढं गेली. मोठ्यानं नाही, घरात बोलते तसं बोलली. "बसलाव की त्याच्यावर मघापसून. बुडाखाली व्हतं, आता पायाखाली हाय तुमच्या."

पहिल्यांदा बाया हसल्या. मग सगळंच समाजमंदिर हसलं. पोरांनी मोबाईल वर धरले. साहेब पुढारी आहेत, उगीच नाहीत. त्यांनी कार्यकर्त्यांवर डोळे वटारले, वाकून वाकळेचा कोपरा कपाळाला लावला, फोटो निघेपर्यंत तसाच धरून ठेवला, आणि माईकवर सांगून टाकलं, "अभ्यासिका उद्यापासून पोरींची!" पुन्हा टाळ्या.

मला त्या उद्याचं काही कौतुक वाटलं नाही. फाटकावर उसाच्या गाड्या उभ्या असायच्या, तेव्हा हाच उद्या मी गाडीवानांना कितीदा सांगितलाय. आतून मला तसंच सांगायला सांगायचे.

साहेब गेले. वाकळ एकही खपली नाही. एका कार्यकर्त्यानं तेवढं विचारलं, "धुतलेली हाय का?" सकाळी होती, म्हातारी म्हणाली.

बाया धूळ झटकत होत्या, नात एका कोपऱ्यात उभी होती. पुतण्याची माणसं खुर्च्या एकात एक घालायला लागली. माझी नजर खोलीकडं गेली. दार सताड उघडं, आत फक्त गुंडाळलेले साहेब.

मी म्हातारीला म्हणालो, "त्या वाकळा परत टांगू नको. आत अंथर."

"कावून?"

"अंथरायचीच वस्तू हाय. आज सगळ्या गावानं ठरवलंय."

बाईला माझं एवढं लवकर कधीच कळलं नव्हतं. बघता बघता खोलीभर वाकळा पसरल्या, फ्लेक्स बाहेर आले, पोरी पुस्तकं घेऊन आत. आणि उंबऱ्यावर मी. पुतण्या खुर्च्यांचा मनोरा घेऊन आला.

"आबा, सरका. खुर्च्या ठेवायच्यात."

"आत भारतीय बैठक हाय. खुर्च्या चालत न्हाईत."

"साहेब उद्यापासून म्हणलेत!"

"आमी जरा लवकर आलो. साहेबांसारखं."

"आबा, मला शिव्या खाव्या लागतील."

"खा की. रोज खातोस, आज आमच्यासाठी खा."

त्यानं फोन केले, पाया पडला, चिडला, शेवटी खुर्च्या त्याच्याच घराच्या ओसरीत लावल्या. अजून तिथंच आहेत. त्याच्या बायकोला आता दळण ठेवायला जागा नाही. त्यावर ती रोज सकाळी जे भाषण करते, ते साहेबांपेक्षा चांगलं असतं. खोलीला नातीनं नवं कुलूप आणलं, पण मी उंबरा सोडला नाही. कुलपावर माझा विश्वास नाही. मी वॉचमन होतो.

परीक्षा अजून व्हायची आहे. पोरानं पाहुण्यांचा विषय तात्पुरता बंद केलाय. नात हिरव्या चौकोनावर बसते. तिथं बसायची परवानगी म्हातारीनं तिला एकटीलाच दिलीय. मला खोकला आला की मी उठून पार डांबरी रस्त्याच्या पलीकडं जातो, तिथं खोकून घेतो आणि परत येतो. वस्तीतले म्हणतात, आबाला म्हातारपणी फिरायचा नाद लागला. म्हणू द्या.