फळा पुसल्यानंतर

नव्या प्लास्टिकचा वास आला की शीळफाट्यावरचं आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आठवतं. नव्वदच्या दशकात तिथे कॉम्प्युटर आलेला आणि मालकांनी त्याचं प्लास्टिकचं कव्हरसुद्धा काढू दिलं नव्हतं. कुठली गाडी कुठे गेली हे आधी आम्ही भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचो. तो फळा पुसून सगळं त्या मशीनमध्ये भरायला लागलो. एका दुपारी ऑपरेटरने गिऱ्हाइकाकडून आलेली फ्लॉपी आत घातली आणि स्क्रीन काळी झाली. "व्हायरस आहे, सगळं उडालं," तो म्हणाला. तेवढ्यात आमच्या एका ड्रायव्हरचा धाकटा भाऊ खाडीकाठच्या कोळीवाड्यातून धावत आला. "बाबा गेले, साहेब. दादाची गाडी कुठं गेलीय तेवढं सांगा, तो येईस्तोवर आम्ही बाबांना ठेवतो." आम्ही इंदूर, नागपूर, सुरत, सगळ्या डेपोंना फोन लावले. गाडीचा पत्ता कुणालाच नव्हता. भाऊ बाकावर बसून राहिला. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते, डिझेलचा धूर आत येत होता. अंधारून आल्यावर तो उठला. "आता नाय ठेवता येणार," म्हणाला आणि गेला. अग्नी त्यानेच दिला. ड्रायव्हर थेट हुबळीच्या एका कारखान्यात माल उतरवायला गेलेला. परतल्यावर मीच त्याला सांगितलं. "एक फोन तरी करायचात, साहेब." "कुठे करायचा, तेच कळत नव्हतं रे." त्याने मान हलवली, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घरी गेला. आज साध्या पार्सलचाही ठावठिकाणा माझ्या मोबाइलवर येतो. मी तो वाचतो, काहीच वाटत नाही.