अर्जातला गुडघा

मद्रास हायकोर्टाच्या भिंतीलगत टाइपरायटर मांडून मी अर्धे आयुष्य लोकांचे अर्ज लिहिले. माझे शिक्षण थर्ड फॉर्मपाशी, म्हणजे आठवीतच, थांबले. तरीही माझ्या इंग्रजीला वकीलसुद्धा नावे ठेवीत नसत. हे प्रौढीने सांगत नाही. त्याच इंग्रजीने एका भल्या माणसाच्या पोटावर पाय दिला, म्हणून सांगणे भाग आहे.

तो आमच्यातलाच, तंजावरकडचा मराठी. मद्रास बंदराजवळच्या एका कंपनीने त्याला फुटबॉल खेळण्यासाठीच नोकरीत घेतले होते. कागदोपत्री गोदामातला मदतनीस, प्रत्यक्षात संघाचा फुल-बॅक, म्हणजे गोलापुढचा बचावपटू. तरुणपणापासून केस पिकेपर्यंत तो त्याच गोलासमोर उभा राहिला. दुसऱ्या संघांनी बोलावले, तो गेला नाही. गोल करणाऱ्यांना लोक खांद्यावर घेत. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नसे, आणि त्याची त्याला खंतही नसे.

संध्याकाळी टेबल आवरून मी सामने पाहावयास जात असे. एकदा त्याच्या उजव्या गुडघ्यावर बूट बसला, तेव्हा मी कुंपणाशीच होतो. हाड वाजल्याचे मी ऐकले. तो उठला, मोजा वर ओढला आणि शेवटपर्यंत खेळला.

नंतर मला म्हणाला, "राव, लंगडताना दिसलो की समोरचा त्याच बाजूनं येणार. दाखवायचं नाही."

पुढे कंपनीत नवे साहेब आले आणि वय झालेल्या खेळाडूंना काढण्याची भाषा सुरू झाली. तो माझ्याकडे आला. घरात म्हातारी आई, लग्नाच्या दोन मुली.

"खेळू नको म्हणाले तर नाही खेळत. गोदामात ठेवा, पोती उचलतो, एवढंच लिहा, राव."

"एवढंसं पत्र साहेब पंख्याखाली उडवून देईल," मी म्हणालो.

आमच्या धंद्याची रीत अशी की अर्जदार जितका दीन दिसेल तितका अर्ज वजनदार. धडधाकट माणसालाही आम्ही खोकला लावून देत असू. इथे तर खरेच दुखणे हाती होते. मी तीन पाने लिहिली. दुसऱ्या पानावर लिहिले की कंपनीच्या सेवेत या गरिबाचा गुडघा कायमचा निकामी झाला असून, जिना चढतानाही त्यास भिंतीचा आधार घ्यावा लागतो. हे वाक्य मला इतके साधलेले वाटले की मराठीत सांगून मी ते त्याला दोनदा ऐकवले.

"गुडघ्याचं कशाला, राव? तिथं कुणाला ठाऊक नाही."

"म्हणूनच लिहायचं! गोल तू राखलास, अर्ज मला राखू दे."

"बरं. तुम्ही शिकलेले," असे म्हणून त्याने तमिळमध्ये सही केली.

काही दिवसांनी तो उत्तर घेऊन आला. त्याला इंग्रजी येत नव्हते. वाचणे माझ्याकडेच आले. अर्जदाराने स्वतःच दिलेल्या माहितीवरून तो अंगमेहनतीस अपात्र ठरत असल्याने त्यास सेवेतून कमी करण्यात येत आहे. मी ते सावकाश मराठीत सांगितले. एकही शब्द सौम्य करता आला नाही.

"कंपनीच्या डॉक्टरानं तपासलं, त्याच्यापुढं उठाबशा काढल्या मी, राव. तोंड वाकडं केलं नाही. पण त्यांच्या हातात तुमचा अर्ज होता."

मी दुसरा अर्ज लिहितो म्हणालो, वरच्या साहेबांना, फुकट.

"नको. पहिलाच फार चांगला होता," तो म्हणाला. त्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

मग तो निघाला. कोर्टाच्या भिंतीला हात लावून, उघड उघड लंगडत. इतक्या वर्षांत मी त्याला तसे चालताना प्रथमच पाहिले.

त्या अर्जाची कार्बन प्रत माझ्या पेटीत आहे. पुष्कळदा काढून वाचली. ते वाक्य गाळले असते तरी अर्जाचे काही बिघडत नव्हते.