मांडीवरचा वळ

भैरू काळोखे म्हणजे दूधवाल्याच्या मापात वाकून बघणारा माणूस. कंपनीत तो तपासनीसच होता. दुसऱ्यानं मोजलेला पार्ट स्वतः मोजल्याशिवाय त्याला पुढं सोडवत नसे. संत तुकाराम नगरात मी त्याचा शेजारी, म्हणून हा स्वभाव मीही रोज सोसला.

१९७९ साली लोखंडी पेटी घसरून त्याचा गुडघा गेला. पुण्याच्या इस्पितळात आतली फाटलेली कूर्चा काढली. डॉक्टरांनी बजावलं, रोज गुडघा वाकवायचा, नाहीतर आखडेल. आखडला की उभ्यानं करायचं काम गेलं, मग बसा गेटवर. घरी आल्यावर भैरूनं मला मांडी दाखवली. चार बोटं रुंद निळसर वळ.

"कापला गुडघा आन दुखतीय मांडी. ह्यात कायतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला.

पट्टी बदलणाऱ्या कंपाउंडरकडून त्यानं काढून घेतलंच. ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबवायला मांडीला हवेचा पट्टा आवळला होता, तासभर. झालं. भैरूनं गुडघा वाकवणं सोडलं. दिवसभर पायाची बोटं दाबायची आणि परत लाल होतात का ते बघायचं. डॉक्टरनं पाय मारलाय, आता हलवला तर उरलासुरलाही जाईल, असं त्यानं ठरवूनच टाकलं. मी समजावलं, शिव्या खाल्ल्या. तीन आठवड्यांत गुडघा ओंडक्यासारखा ताठ झाला. मला खरंच भीती वाटायला लागली.

शेवटी त्याची बायको कौशल्या माझ्यासमोरच बोलली.

"पट्टा बांधणार हे डाक्टरांनी मला आदीच सांगितलं हुतं. मीच तुमाला बोलले न्हाई."

भैरू बघतच राहिला. सगळ्या जगावर संशय घेऊन झाला होता, घर तेवढं राहिलं होतं.

"का?"

"तुमी टेबलावर झोपलाच नसता. किसनभाऊजींचा पाय..."

किसन त्याचा धाकटा भाऊ. चाकणजवळच्या गावी त्याला साप चावला, तेव्हा पायाला आवळलेली दोरी दुसऱ्या दिवशी इस्पितळातच सुटली. जीव वाचला, पण रक्त अडून पाय मेला, कापावा लागला. दोरी भैरूनं बांधली होती. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

कौशल्येनं सांगितलं, तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, पट्टा सोडायचं ध्यानात कोण ठेवणार? ते म्हणाले, घड्याळाकडं बघायला एक नर्स वेगळी उभी असते.

भैरू पुसट झालेल्या वळावरून हात फिरवत बसला. मग त्यानं टाच फरशीवरून मागं ओढली. गुडघा जेमतेम वाकला, कळ डोक्यात गेली, तरी त्यानं पुन्हा ओढली.

"माज्याकडं घड्याळ न्हवतं," तो म्हणाला.