दहावी जोडी दुसरी कशी आली

उमरखेडच्या बसस्टँडमागं धम्मरत्नचं कॉम्प्युटर सेंटर होतं. पाटीवर ‘जागतिक’ असं लिहिलेलं. आत दोन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. कुणी काम सांगायच्या आतच ‘झालं समजा’ म्हणायची त्याला खोड. बुडालेल्या कापसानं घरोघरची लग्नं अडवून धरली होती, त्या वर्षांतली गोष्ट. सगळ्या समाजांचा मिळून सामूहिक विवाह ठरला, आणि मंडपातल्या पडद्यावर जोड्यांचे फोटो दाखवायचं काम धम्मरत्ननं अंगावर ओढून घेतलं. दहाव्या जोडीतली नवरी त्याची धाकटी बहीण होती, साधना.

एका फोल्डरात नवरदेव, दुसऱ्यात नवऱ्या. प्रत्येक फोटोच्या नावाआधी जोडीचा नंबर. प्रोग्राम दोन्ही फोल्डर वाचणार आणि पहिल्याशेजारी पहिली, दुसऱ्याशेजारी दुसरी उभी करणार. सेंटरवर त्यानं हाती आलेल्या चार जोड्यांवर चालवून पाहिला. फक्कड चालला.

मंडपात मंडळानं दुसराच कॉम्प्युटर आणलेला. वऱ्हाडं यायच्या आधी धम्मरत्ननं प्रोग्राम सुरू केला, आणि पडद्यावर साधनाशेजारी हसतोय कोण, तर तांड्यावरचा प्रेमसिंग! मंडपात आधीच येऊन बसलेली त्याची आई बसंतीबाई ताडकन उठली.

“काहून रे, माह्या पोराची नवरी बदलली का?”

“नाही मावशी, कॉम्प्युटर गडबडला.”

“फोटो तू लावले अन् गडबडला कॉम्प्युटर!”

साधना धावत आली. “दादा, वणीचे माह्ये सासरचे लोक येऊनच राह्यले. आधीच ते शंभर शंका काढतात. हे पाह्यलं तं लग्न मोडन माह्यं!”

धम्मरत्नचं डोकं सुसाट सुटलं. प्रोग्रामची भाषा तीच, पायथन. पण ती चालवणारं सॉफ्टवेअर इथं वेगळ्या लोकांनी बनवलेलं. सेंटरवरचं फोटोंची नावं ओळीनं आणून द्यायचं. हे सापडेल तशी फेकत होतं. ओळीनं देऊ, असं वचन कोणीच दिलं नव्हतं. त्यानंच ते गृहीत धरलेलं!

“अरे, रांग मीच लावली पाह्यजे!” तो ओरडला. वाचलेली नावं क्रमानं लावायचा हुकूम त्यानं दोन्ही फोल्डरांसाठी टाकला. वणीची जीप गेटात शिरली, तेव्हा पडद्यावर साधनाशेजारी विक्की होता. तिचाच विक्की!

समारंभ सुरू झाला. पहिली जोडी स्टेजवरून उतरली, आणि पडद्यावर एकदम दहावी! कॉम्प्युटरनं नंबर अक्षरांसारखे लावले होते: दहाची सुरुवातही एकच्याच आकड्यानं, म्हणून एकानंतर दहा, आणि दोन त्याच्या मागं.

पडद्यावर दिसेल ते वाचणाऱ्या रामराव गुरुजींनी माईकवर पुकारलं, “विक्की आणि साधना!”

विक्की मंडपामागं आलुबोंडा खात होता.

“भाऊजी, पळा!” धम्मरत्न ओरडला.

नवरदेव तोंड पुसत, फेटा सावरत धावला. वणीचे लोकही टाळ्या वाजवत मागं. आमचा नंबर दुसरा लावला म्हणून वर खूश!

स्टेजवरून साधना हसत ओरडली, “काहून दादा, मले घालवाची इतकी घाई?”

“नंबराचं सोड वो,” खालून धम्मरत्न दोन्ही हात वर करून नाचत होता, “नवरा तं बरोबर हाये ना!”