रुद्रेशचा न अडणारा प्रोग्राम

घाटनांदूरच्या बाजारात त्या रविवारी दुपारपर्यंत बातमी पसरली, की शिवलिंगअप्पांच्या रुद्रेशनं कॉम्प्युटरवर एका पोराची बारा पोरींशी सोयरीक जमवली आणि पोरगं घोड्यावर बसायलाही तयार झालं. खोटं आहे. सोयरीक एकही जमली नव्हती. बारा चिठ्ठ्यांवर एकाच पोराचं नाव छापून आलं होतं, एवढंच. घोडा मी जोडला.

हा रुद्रेश माझ्या कापड दुकानाच्या शेजारच्या किराणावाल्याचा मुलगा. पोलीस भरतीत उंची एकशे चौसष्ट भरली, एका सेंटीमीटरसाठी घरी आला. मग लातूरला सहा महिने राहून व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकला आणि अठ्ठ्याण्णव साली अप्पांच्या गुळाच्या ढेपा खाली हलवून माडीवर 'रुद्रेश कॉम्प्युटर्स' उघडलं. मशीनला कूलर, ह्याला पंखा नाही. चप्पल जिन्याखाली काढायची, हात धुऊन यायचं. आमच्याशी बोलताना मान अशी वाकडी करायचा, जसं आम्ही सगळे अजून दगडावर लिहितोय.

वर्षभरात शिकायला चार जण आले, त्यातले दोन कूलरसाठी. अप्पांनी एक दिवस बजावलं, "ह्या साली समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम तुझ्या मशीनवर दिलंय. नीट झालं तर माडी तुझी. न्हाई झालं तर खाली यायचं, गूळ फोडायचा. पुन्हा मशीनचं नाव काढायचं न्हाई."

रुद्रेशनं पडद्यावर रंगीत बटणं मांडली. पोरीची उंची, शिक्षण, गाव भरायचं; बटण दाबलं की मशीन जोगतं स्थळ शोधून चिठ्ठी छापणार. मेळाव्याच्या चार दिवस आधी अप्पा बघायला माडीवर गेले. मीही गेलो, फुकटचा तमाशा कोण सोडतो? रुद्रेशनं एक अर्ज भरला, ऐटीत बटण दाबलं. टुंग! पडद्याच्या मधोमध इंग्रजी चौकट उगवली आणि सगळं ठप्प.

"काय म्हणतंय बे?" अप्पांनी विचारलं.

"काही न्हाई अप्पा. गरम झालंय."

कूलरसमोर गरम! मशीन बिचारं सांगत होतं, की उंचीच्या जागी मला आकडा हवा होता, तू भलतंच काहीतरी दिलंस. पण चौकट वाचेल तो रुद्रेश कसला? त्यानं चौकटीचंच तोंड बंद केलं. प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा, की चूक झाली तरी बोलू नको, गप पुढच्या ओळीवर जा. चौकट गायब. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन सांगतो कसा, "काका, आपला प्रोग्राम आता कुठंच अडत न्हाई."

मठाच्या सभामंडपात मेळावा भरला. माईकवरून स्थळं पुकारायला लागले. जानकीबाईंच्या पोरीला माजलगावचा रवि. बरं. बायडाबाईंच्या पोरीला माजलगावचा रवि. वत्सलाबाईंच्या पोरीलाही माजलगावचा रवि! सातव्या चिठ्ठीला मंडप हसायला लागला. बाराव्या चिठ्ठीला रविनं खिशातून गॉगल काढून लावला. बायांनी रुद्रेशच्या टेबलाला वेढा घातला.

"माझी पोरगी बी.ए. झालीय रे! बाराव्या नंबरला कावून बसवतो?"

अप्पा खुर्चीवरून उठले. एकच वाक्य बोलले, "उद्या सकाळी ढेपा वर न्यायच्या."

रुद्रेश पडद्याकडे बघतोय, बटणं दाबतोय, मशीन आपलं रविच काढतंय. शेवटी त्याची आई मल्लम्मावहिनी अर्जांचा गठ्ठा चाळत म्हणाल्या, "आरं, जानकीबाईनंतरचे हे अकरा अर्ज तर आमच्याच गल्लीतले हायत. मीच भरलेत. पोरीची उंची ईचारली की आया म्हणायच्या, लिहा की, माझ्याएवढी हाय. मग मी लिहिलं, आईएवढी."

आणि ह्या शहाण्यानं उंचीच्या रकान्यात अकरा वेळा स्वतःच्या बोटांनी 'आईएवढी' टाइप केलं होतं! गल्लीतल्या बायांना त्यात काही वावगं वाटलं नाही, ते ठीक. ह्यालाही वाटलं नाही. मशीनला आईची उंची काय ठाऊक? ते अडलं, पण त्याला गप बसायला सांगितलेलं. म्हणून त्यानं नवीन स्थळ शोधलंच नाही, जानकीबाईंच्या पोरीसाठी सापडलेला रवि हातात होता, तोच पुढं अकरा जणींना छापत गेलं.

रुद्रेशनं ती ओळ खोडली. बटण दाबलं. टुंग! चौकट आली. ह्या वेळी त्यानं ओठ हलवत ती वाचली, वर्षभरात पहिल्यांदा. मग मान खाली घालून म्हणाला, "बायडाकाकू, जरा खांबाला टेकून हुब्या ऱ्हाता का?"

पोरी लाजून मंडपाच्या मागं पळालेल्या, म्हणून आयांना मोजायचं ठरलं. माझ्या दुकानातला लोखंडी मीटर मागवला. अकरा बाया पदर सावरत खांबाला टेकल्या. एकीनं टाचा उचलल्या, तिला तिच्याच जावेनं खाली दाबलं. दर चौकटीला टुंग, दर टुंगला एक आई, आणि रुद्रेश घाम पुसत आकडा भरतोय. मध्येच तो स्वतःही खांबाला टेकला, मीटर लावून घेतला, कागदावर काहीतरी खरडत बसला. मला वाटलं, डोकं फिरलं.

तासाभरात अकरा नव्या चिठ्ठ्या निघाल्या. अकरा वेगळी नावं. रविनं गॉगल परत खिशात घातला. अप्पांनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, घडी घातली आणि वहिनींना म्हणाले, "गूळ ऱ्हाऊ दे खालीच."

आता मला कुठं राहवतंय? भरल्या मंडपात मी म्हणालो, "काय रे रुद्रेश, एवढं मशीन आणलंस, शेवटी माझा मीटरच कामाला आला का न्हाई?"

रुद्रेशनं मीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, पोलिसांनी मोजलं तवा मी एकशे चौसष्ट भरलो, तुमच्या मीटरनं एकशे अडुसष्ट भरतोय. म्हंजे शंभर सेंटीमीटरमागं तुमचा मीटर अडीच सेंटीमीटर कमी हाय. अकरा आयांची उंची मला दुरुस्त करून भरावी लागली. माझी चूक मी आज सगळ्यांसमोर खोडली, तुमी अजून गप कापड कापताय."