शिवलीलाबाईंचा वर्ग आणि माझी एक ओळ

दीड महिन्यापूर्वी सकाळी मी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा लातूरहून सविताचा फोन आला. सविता आमच्या विद्यापीठातली जुनी विद्यार्थिनी, मूळची इस्लापूरची. "सर, मॅडम गेल्या," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कोण मॅडम?" सविताच्या तोंडी 'मॅडम' म्हणजे एकच बाई, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी विचारलं. शिवलीला कोरे गेल्या होत्या. साठीही गाठली नव्हती. दोन आठवडे दवाखान्यात होत्या, आणि संपलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. आता त्या दोन ओळी मागायला कुणी येणार नाही, असं आलं... आणि क्षणभर हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला इतकी लाज वाटली, की आज वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी हे लिहायला बसलो आहे.

मी संगीत विभागाचा प्रमुख होतो. माझा विषय गायन. शिवलीलाबाई उदगीरच्या. वडिलांचं अडत दुकान, घरात रोजची शिवपूजा, गळ्यात लिंग. त्या शिकायला अमेरिकेत गेल्या आणि नाच घेऊन परत आल्या. नांदेडला त्या पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या तो दिवस आठवतो. मी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "कोणता नाच म्हणालात?" त्या म्हणाल्या, "आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांचा, सर. ते जिथं जिथं गेले तिथं तो बदलला. मी त्याचं आजचं रूप शिकवते." मी म्हटलं, "आणि तो नांदेडात कोण शिकणार?" त्या हसल्या. "तेच तर मलाही बघायचंय, सर."

अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक होतं, 'आफ्रिकी डायस्पोराचं समकालीन नृत्य'. वेळापत्रकाच्या चौकटीत ते मावेना, म्हणून आमच्या कारकुनाने नुसतं 'आफ्रिका' लिहिलं. मग पोरं जिन्यात एकमेकांना विचारायची, "आज दुपारून आफ्रिका हाय का रे?" सहकारी चहा पिताना चेष्टा करत. मीही करत असे. पण त्या काय शिकवतात याचं मला विलक्षण कुतूहल होतं, आणि ते उघडपणे दाखवण्याची माझी तयारी नव्हती. त्यांचा वर्ग भरायचा तो हॉल माझ्या खोलीला लागून होता. मी मधल्या खिडकीचं एक दार किलकिलं ठेवत असे.

पहिल्या दिवशी त्यांनी नाच शिकवलाच नाही. उभं राहायला शिकवलं. गुडघे सैल, पाठ सपाट, छाती जमिनीकडे झुकलेली. हदगावची, भोकरची पोरं, कपाशी वेचून आणि सोयाबीन काढून ज्यांच्या कमरा तयार झालेल्या. आपल्याकडे नाच म्हटलं की ताठ उभं राहायचं असतं, म्हणून तीही बिचारी ताठ उभी. बाई एकेकाच्या पाठीवर तळहात ठेवून म्हणत, "खाली. अजून खाली. जमीन तिकडे आहे." शेवटी सविता वाकली आणि तशीच वाकलेली राहून म्हणाली, "मॅडम, हे तर आमची आजी निंदताना उभी राहते तसं झालं." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजीला विचारून ये, दिवसभर अशी राहते तर श्वास कधी घेते." सविता पुढच्या सोमवारी खरंच विचारून आली आणि त्यावर त्यांनी अख्खा तास घेतला.

लय वाढली की बाई मराठी सोडून घरच्या कानडीत मोजायच्या. वंदु, यरडु, मूरु, नाकु... इस्लापूरची तेलुगू कळणारी पोरं आणि हदगावची शुद्ध मराठी पोरं, सगळी कानडीत मोजत तीन-तीनच्या रांगेने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नाचत जायची. मी खिडकीआड बसून बोटांवर सम शोधत असे. पाय चारात चालत आणि खांदे तिनात, आणि दोन्ही एकाच अंगात. चाळीस वर्षं तालात काढलेला माणूस मी, माझी बोटं गोंधळत. एकदा न राहवून विचारलंच. "बाई, सम कुठे येते हो?" त्यांना मी खिडकीतून बघतो हे केव्हाच कळलेलं होतं. म्हणाल्या, "तिकडून सापडणार नाही, सर. आत या." मी गेलो नाही.

एकदा त्यांनी मला सांगितलं, की अमेरिकेत गुलाम राबत त्या मळ्यांवर काही ठिकाणी मालकांनी ढोल वाजवायला बंदी घातली होती. ढोल काढून घेतले, तेव्हा लोकांनी स्वतःच्या मांड्या वाजवल्या, छाती वाजवली, जमीन वाजवली. मला ते फार रंजक वाटलं. मी बारीकसारीक प्रश्न विचारले. त्यात आपल्याला खुपण्यासारखं काही असेल, असं त्या वेळी मनाला शिवलंही नाही.

त्यांना यंत्रावरचं संगीत चालत नसे. वाजवणारा माणूस हवा होता. तबलजी आमच्याकडे होते, पण बसून वाजवण्याचं त्यांचं काम. नाचणाऱ्याच्या पावलाकडे बघत उभ्याने वाजवणं त्यांना जमेना. मग भोकरच्या एका लग्नात बाईंनी किसन घोडके यांची हलगी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विद्यापीठात आणलं. ज्या घरात हलगी असते त्या घराला गावात कुठे बसवतात, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. किसनराव पहिल्या दिवशी हॉलच्या दाराबाहेर, चपलांपाशी, शेकोटी पेटवून हलगी तापवत उभे राहिले. बाई म्हणाल्या, "मामा, आत." ते म्हणाले, "हितूनबी ऐकू जातंय की, बाई." "मला ऐकू जातंय. पोरांना तुम्ही दिसायला पाहिजे."

आणि इथे मला पहिल्यांदा टोचलं. कारण त्या नाचात पाऊल कधी बदलायचं हे शिकवणारी बाई सांगत नाही, वाजवणारा सांगतो. किसनराव मध्येच काडी आडवी मारून एक तोड टाकत, आणि पंचवीस पोरं एका झटक्यात पाऊल बदलत. ज्याने तोड ऐकली नाही तो चुकला. म्हणून बाईंच्या मते किसनराव साथीदार नव्हते, शिक्षक होते. त्यांनी विभागाच्या तक्त्यावर तसंच लिहून मागितलं: सहअध्यापक. मी तीस वर्षं साधना करून त्या शब्दापर्यंत आलो होतो. मी तो मागणीचा कागद बाजूला ठेवला.

दोन वर्षं झाल्यावर अभ्यासक्रम पुढे चालवायचा की नाही, हे ठरवायला समिती आली. बाहेरचे दोघे आणि मी. वर्ग फार सुंदर झाला, हे मला तेव्हाही कळलं. एक सदस्य तर बसल्या जागी पाय हलवत होते. शेवटी त्या वर्गाची रीत होती ती झाली. मुलं तीन-तीनच्या रांगेने नाचत हलगीपाशी आली, वाकली, दोन्ही हात जमिनीला लावले आणि मग छातीला. रोज करत, तसंच. बाई आमच्याकडे वळून सहज म्हणाल्या, "सर, तुम्हीही या ना. पाहुणेही करतात." बाहेरचे दोघे उठले, गेले आणि हसत हसत वाकून आले. मी फोन आल्याचं निमित्त केलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. फोन वाजला नव्हता. आत किसनराव अजून हळूहळू वाजवत होते... माझी वाट बघत होते बहुतेक.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्यात मी आवाजाचा त्रास, जागेची अडचण वगैरे लिहिलं, आणि मग ती ओळ लिहिली. 'वादक नशेच्या अवस्थेत वर्गात येत असल्याचे समजते.' मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. मी काही पाहिलं नव्हतं. पण हलगीवाला म्हटल्यावर ही ओळ कुणी तपासणार नाही, हे मला माहीत होतं, आणि खरंच कुणी तपासली नाही. बाकीच्या दोघांनी माझ्या शब्दावर सह्या केल्या. किसनरावांना येऊ नका असं कळवलं गेलं. बाईंना यंत्रावर वर्ग घ्या म्हटलं, त्यांनी नकार दिला आणि अभ्यासक्रम बंद पडला. ही चूक विद्यापीठाची नव्हती. माझी होती.

सोडून जाण्याआधी बाई माझ्या घरी आल्या. माझ्या पत्नीने केलेला उपमा सगळा खाल्ला, कारण अन्न टाकायचं नाही ही त्यांची सवय. मग म्हणाल्या, "सर, मला नोकरी परत नको. मामांना दुसरीकडे कुणी उभं करेना. जातील तिथं तुमचा कागद त्यांच्या आधी पोचतो. दोन ओळी लिहून द्या, की ते खरं नव्हतं." मी म्हटलं, "बघतो." त्या लातूरला गेल्या, एका दुकानाच्या वरचा हॉल घेतला, किसनरावांना बोलावून घेतलं. दरवर्षी एकदा त्यांचा फोन यायचा. तब्येत विचारायच्या, सविताचं सांगायच्या, आणि ठेवताना म्हणायच्या, "सर, दोन ओळी." मी म्हणायचो, "बघतो." असं एकवीस वर्षं चाललं. आवाज कधी चढला नाही. तो चढला असता तर मला भांडता आलं असतं.

त्या गेल्यावर नांदेडला शोकसभा झाली. वयाने मोठा म्हणून मला अध्यक्ष केलं. एक जण बोलताना म्हणाला, "बाई गुणी होत्या, पण त्या दारुड्या हलगीवाल्याला पाठीशी घातलं आणि स्वतःचं नुकसान करून घेतलं." माना हलल्या. माझी ओळ माझ्यासमोर चालत-बोलत आली होती. आणि मग शेवटच्या रांगेत मला पांढरा फेटा दिसला. किसनराव लातूरहून आले होते. नुसते माझ्याकडे बघत राहिले. समारोपाला मी उभा राहिलो. गळा भरून आल्यासारखं केलं, दोन वाक्यं बोललो आणि बसलो. मान वर केली तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.

चार दिवसांनी मी एसटीने लातूरला गेलो. जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. हॉलमध्ये वर्ग चालू होता, सविता शिकवत होती. मी खुर्ची शोधू लागलो. "खुर्ची न्हाई सर हितं," किसनराव म्हणाले. "बाई ठिवूच देत नव्हत्या. बसा माझ्यापाशी." मी भिंतीला धरून त्यांच्या शेजारी खाली बसलो. जे सांगायचं होतं ते हलगीच्या आवाजातच सांगून टाकलं, कानाशी तोंड नेऊन. ती ओळ मी लिहिली. खोटी होती. त्यांची काडी थांबली नाही.

"ठावं हाय की मला. बाईनं कवाच सांगितलं." थोडं वाजवून म्हणाले, "मला च्याबी सोसत न्हाई सर, पित्त होतं. कधी कधी वाटायचं, प्यायला लागावं. निदान सरांचं लिवणं तरी खरं होईल."

तेवढ्यात त्यांनी तोड टाकली आणि पोरं रांगेने आमच्याकडे येऊ लागली. दहा-बारा वर्षांच्या मुली, घामेजलेल्या. त्या वाकल्या आणि त्यांचे हात जमिनीला लागले ते माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर. मी हलगीशेजारी बसलेलो असल्यामुळे तो नमस्कार मलाही मिळत होता. मी घाईने भिंत धरून उठू लागलो. "ऱ्हाऊ द्या, बसा," किसनराव हसले. "उठून कुठं जाता आता? व्हरांडाबी न्हाई हितं."

म्हणजे त्यांना तो न वाजलेला फोनही माहीत होता.

वर्ग सुटल्यावर मी तो हॉल नीट पाहिला. दाराजवळ एक लहान फळा होता, त्यावर शिवलीलाबाईंच्या अक्षरात आठवड्याचं वेळापत्रक. खाली 'शिक्षक' असं लिहून दोन नावं होती. आधी किसनरावांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मग बाईंचं. सविता म्हणाली, आठवड्याच्या वेळा बदलल्या की त्या वरचं पुसायच्या, खालच्या दोन नावांना हात लावायच्या नाहीत. तीही लावत नाही. मी चष्मा पुसून ती दोन नावं पुन्हा वाचली. किसनराव मागून येऊन उभे राहिले, हलगी काखेत.

"फळ्यावर हाय, सर," ते म्हणाले. "कागदावर न्हाई."

म्हणून हे कागदावर. किसन ग्यानोबा घोडके, राहणार भोकर, सध्या लातूर, यांनी आमच्या विद्यापीठात दोन वर्षं शिवलीला कोरे यांच्यासोबत नृत्य शिकवलं. ते एकही दिवस नशेत आले नाहीत. ते शिक्षक होते. याच्या उलट जे लिहिलं गेलं, ते मी लिहिलं.

दोनाच्या ऐवजी चार ओळी झाल्या, बाई. उशिरा झाल्या.