बस्त्याव सरांची वही

बस्त्याव सर गेल्याचं मला कळलं ते आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला होता, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेच्या मधोमध आमच्याच एका शहाण्याने जाहिरात चिकटवली होती : 'अर्जंट भरती, वसई फाटा, फ्रेशर्स चालतील.' मला आधी हसूच आलं, खोटं कशाला सांगू? मग वाटलं... सर असते तर त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं असतं, की तुमच्यातले किती जण गेले रे मुलाखतीला?

सर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. पण वसईतल्या कितीतरी पोरांना ते आठवतात ते त्यांच्या वहीमुळे. पास होऊन गेलेली मुलं पुढे काय करतात याची नोंद कॉलेजला ठेवावी लागते, मूल्यांकनाची समिती आली की दाखवायला. दुसरा कुणी असता तर एका दुपारीत अंदाजपंचे रकाने भरून मोकळा झाला असता. सर मात्र दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून एकेकाला स्वतः फोन करायचे, पास झाल्यावर सलग पाच वर्षं. आणि त्यांची एक पद्धत होती. लिहिता लिहिता मोठ्याने वाचायचे आणि आपल्या तोंडून कबूल करून घ्यायचे. "लिहितो हं... मंगेश... बेकार. बरोबर?"

"बरोबर, सर."

पहिल्या वर्षी म्हणालो. दुसऱ्या वर्षीही म्हणालो. फोन स्पीकरवर असायचा त्यांचा, मागे टीचरांच्या भांड्यांचा आवाज यायचा. टीचर म्हणजे सरांच्या मिसेस, सिसिलिया टीचर. म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातसुद्धा माझी बेकारी ऐकू जायची! सरांना कुणाला दुखवायचं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, हा माणूस वर्षातून एकदा फोन करून थोबाडीत मारतो आणि वर विचारतो, लागलं का?

तिसऱ्या वर्षी फोन आला तेव्हा मी माणिकपूरला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात मशीनपाशी उभा होतो. ती काही माझी नोकरी नव्हती; घरी बसून आईचं तोंड बघवत नव्हतं म्हणून जायचो. सरांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून सटकन निघून गेलं, "लागलो ना सर! अंधेरीला, एका लॉजिस्टिक्स कंपनीत." कंपनीचं नाव पत्त्यासकट समोरच्या गिऱ्हाइकाच्या कागदावर होतं, तेच वाचून दाखवलं.

"मागे कसला आवाज रे?"

"ऑफिसचा प्रिंटर, सर."

सर इतके खूष झाले की टीचरांना हाका मारून सांगितलं. "मंगेश... नोकरी. बरोबर?"

"बरोबर, सर."

त्याच वर्षी समिती आली. पुढचं सगळं मला कॉलेजच्या शिपायाने, भोईरकाकांनी सांगितलं, मी मार्कशीटच्या कामाला गेलो तेव्हा. प्रिन्सिपॉल आधीपासून सरांच्या मागे लागले होते, निम्मी पोरं बेकार दाखवाल तर ग्रेड कशी मिळणार, जरा हात सैल सोडा. सर म्हणाले, पोरं सांगतात ते लिहितो, माझ्या वहीत एक ओळ खोटी दाखवा. समितीतल्या बाईंनी विचारलं, एखादं नाव द्या, आम्ही खात्री करतो. सरांनी माझं दिलं. पूर्ण पत्ता माझ्याच ओळीत होता ना. बाईंनी तिथल्या तिथे कंपनीत फोन लावला. ह्या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता, म्हणाले ते लोक.

"प्रिन्सिपॉल हसले रे सगळ्यांसमोर," भोईरकाका म्हणाले. "म्हणाले, खोटंच लिहायचं होतं तर आमच्या सोयीचं तरी लिहायचं." पुढच्या वर्षी ते काम सरांकडून काढून घेतलं. आता मुलांना मोबाईलवर लिंक येते, आणि कॉलेजच्या फलकावर सगळे नोकरीत असतात.

मी काय केलं? काही नाही. माफी मागायला म्हणून त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेलो आणि वडापाव खाऊन परत आलो. काम गेलं तरी सर आपल्या समाधानासाठी फोन करत राहिले, मित्रांना यायचे. मला आला नाही. मी मनाची समजूत घातली, सरांनी माफ केलं, लाजवायला नको म्हणून फोन करत नाहीत. किती सोयीचं! पुढे मला खरीच नोकरी लागली, वसई फाट्याला औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर. तिलाही सहा वर्षं झाली. दर दिवाळीत वाटायचं, यंदा आपणच फोन करू...

सर गेल्याला महिना झाला तेव्हा चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती, तिला गेलो. नंतर सगळे सरांच्या घरी जमले. वही टेबलावर, त्यांच्या फोटोशेजारीच ठेवली होती. जो तो आपली ओळ शोधत होता. कुणी बँकेत, कुणी शिक्षिका, कुणी रिक्षा चालवणारा, सगळं सरांच्या किरट्या अक्षरात. गर्दी पांगल्यावर मी माझं पान काढलं. 'नोकरी' खोडलेलं होतं. पुढे लाल शाईत : 'खोटं बोलला. फोन करू नये.' आणि त्यापुढे ओळ कोरी, पानाच्या कडेपर्यंत.

"टीचर, मला आता खरंच नोकरी आहे," मी म्हणालो. "सहा वर्षं झाली. इथे... लिहू का?"

टीचरांनी चष्मा लावला, माझ्या बोटाखालचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते त्यांना आत्ता कळलं.

"सहा वर्षं त्यांचा फोन चालू होता रे," त्या म्हणाल्या. मी काढलेलं पेन त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि माझ्याच खिशाला लावलं. मग वही जवळ ओढून, ओळीवर बोट ठेवून, अगदी सरांसारखं मोठ्याने वाचलं.

"मंगेश... खोटं बोलला. बरोबर?"

"बरोबर, टीचर."

त्यांनी वही मिटली.